रॉक गाण्यांतले यश : मिरवणे की रडगाणे?

विश्रामबागकर : परवा इथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, रॉकवाल्यांनी यशाविषयी लिहिलेली सगळी गाणी म्हणजे पोट भरलेल्यांचे रडगाणे. वाचून गप्प बसवेना. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचे १९७५ चे ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ घ्या. शब्दांत लूट, मारहाण, तुटपुंजे पैसे आणि वाढते वय यांची यादी आहे; पण मध्येच घुसणारी ती बॅगपाइप ऐकली की हा गडी अंगावरचे वळ मिरवतो आहे, हे लगेच कळते. त्याच वर्षीच्या पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘हॅव अ सिगार’मध्ये रेकॉर्ड कंपनीचा साहेब तोंडभर स्तुती करतो आणि वर, पिंक नावाचा कुणी बँडमध्ये नसताना, तुमच्यातला पिंक कोण, असेही विचारतो. तिथे शब्द कौतुकाचे आणि सूर विषारी. ज्याला ही दोन्ही गाणी सारखीच वाटतात, त्याने ती वाचली असतील, ऐकलेली नाहीत.

कृष्णाकाठ : तो सदस्य मीच, नाव घेतले असते तरी चालले असते. ‘हॅव अ सिगार’ने ज्या रेकॉर्डच्या धंद्यावर विष ओकले, त्याच धंद्याने ते गाणे छापून विकले, हे आपण सोयीस्करपणे वगळले. बोस्टन नावाच्या अमेरिकन बँडचे १९७६ चे ‘रॉक अँड रोल बँड’ही ऐकून घ्या. बारमध्ये वाजवत, गाडीत झोपत वर आल्याची ती कहाणी आहे. प्रत्यक्षात बँडचे प्रमुख टॉम शोल्झ पोलरॉइड या कॅमेरा कंपनीत इंजिनिअर होते आणि घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करत होते. म्हणजे यांचे दुःखही उसने आणि आनंदही उसना.

मिरजेचा कीबोर्डवाला : उसने दुःख काय असते, ते आम्हाला विचारा. एका गावच्या यात्रेची सुपारी होती. मध्यरात्री पाऊस आला, आम्ही कीबोर्डवर प्लास्टिकचा कागद ओढून वाजवत राहिलो, आणि पहाटे कमिटीने निम्मी रक्कम हातावर ठेवून सांगितले की, माणसे उठून गेली, मग पूर्ण पैसे कशाचे? एसी/डीसीने ठरल्यापेक्षा कमी पैसे मिळाल्याचे गायले आहे, त्याला रडगाणे म्हणणाऱ्याने एकदा टेम्पोच्या हौद्यात बसून घरी यावे.

सातारचा श्रोता : आपल्याविषयी सहानुभूती आहे, परंतु हल्ली निम्मा ऑर्केस्ट्रा पेन ड्राइव्हवर चालतो, त्याचे निम्मेच पैसे मिळाले तर नवल काय? खरी हानी डॉल्बीने केली. याच गाण्याच्या चित्रीकरणात एसी/डीसी मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवरून उघड्या ट्रकवर वाजवत निघते. आमच्याकडे मिरवणुकीत बेंजो पार्टी तशीच निघायची. आता ट्रॉलीवर माणसाऐवजी स्पीकरची भिंत असते.

मिरजेचा कीबोर्डवाला : पेन ड्राइव्हचा आरोप घरात बसून करणे सोपे आहे. ढोलकीवाला ऐन वेळी दुसऱ्या सुपारीला गेला की काय करायचे, तेही सांगा. आणि डॉल्बीला वर्गणी कोण देते? आपल्यासारखे श्रोतेच ना?

सातारचा श्रोता : मी वर्गणी देतो ती गणपतीसाठी, डॉल्बीसाठी नव्हे. माझ्या खिशावर घसरायचे कारण नाही.

विश्रामबागकर : दोघांनीही जरा दमाने घ्यावे. उसनेपणाचा मुद्दा राहूनच गेला. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचे १९६९ चे ‘लोडी’ हे कॅलिफोर्नियातल्या त्या नावाच्या आडगावात अडकलेल्या, गाडीभाड्यालाही महाग झालेल्या गायकाचे गाणे आहे. बँडचे गायक जॉन फोगर्टी यांनी ते लिहिले तेव्हा ते स्वतः लोडीला कधी गेलेही नव्हते आणि त्यांचा बँड जोरात चालला होता. अपयश उसने, तरी सूर खरा. उलट अमेरिकन रॉक गायक जो वॉल्श हे १९७८ च्या ‘लाइफ्स बीन गुड’मध्ये परवाना गेल्यामुळे मासेराटी ही महागडी गाडी चालवता येत नाही, असे सांगून स्वतःच्याच श्रीमंतीची टर उडवतात. यातले रडगाणे कोणते?

कृष्णाकाठ : ठीक आहे, वॉल्श तुमचे आणि ‘लोडी’ही तुमचे, सांगलीत वाद जिंकल्याचा नारळ फोडा. ‘हॅव अ सिगार’विषयीचे एक अक्षरही मात्र मी मागे घेणार नाही. बँडमध्ये दोन-दोन गायक असताना ते गाणे रॉय हार्पर या बाहेरच्या गायकाकडून गाऊन घेतले. म्हणजे रडायलाही बाहेरचा माणूस आणावा लागला.

मिरजेचा कीबोर्डवाला : त्या हार्परना ठरलेले पैसे पूर्ण मिळाले का, एवढे कुणी सांगेल का?