मदत हवी आहे : कन्सोलसाठी चालू केलेलं डीएमझेड माझ्या लॅपटॉपवर आलं, आता काय तपासू?

नमस्कार मंडळी,

मी घरून हिशेबाची कामं करते. आठ-दहा दुकानदारांची जीएसटीची कागदपत्रं लॅपटॉपवर असतात, म्हणून जरा घाबरूनच लिहितेय.

मुलगा नववीत आहे. त्याच्या गेमिंग कन्सोलवर 'नॅट टाइप स्ट्रिक्ट' यायचं, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी राउटरपाशी अडते. खेळ चालायचा, पण मित्रांचा आवाज यायचा नाही. गणपतीत ब्रॉडबँडवाल्यांकडचा मुलगा आला, राउटरच्या पानावर डीएमझेडपुढे टिक केली, कन्सोलचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.५ टाकला आणि पाच मिनिटांत गेलासुद्धा. आवाज सुरू झाला, आम्ही खूश.

परवा कळलं की डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं, घरातल्या कुणी न मागवलेलं सगळं त्या एका पत्त्याकडे सोडणं. सहामाहीमुळे कन्सोल तीन आठवडे कपाटात होता. सहज लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग (स्वतःचा नेटवर्क पत्ता दाखवणारी आज्ञा) केलं, तर तो .५ वाला पत्ता राउटरने आता लॅपटॉपला दिलेला! हातपाय गार पडले. टिक लगेच काढली. राउटरचा पासवर्डही अजून मागच्या स्टिकरवरचाच होता, तोही बदलला.

आता विचारायचं हे, की मधल्या काळात कुणी आत शिरलं असेल तर ते कसं ओळखायचं? आणि डीएमझेडशिवाय पोराचा आवाज कसा सुरू करायचा? त्याचं खेळणं मला बंद करायचं नाहीये. त्याचे जुन्या शाळेतले मित्र तिथेच भेटतात.

प्रतिसाद :

ताई, टिक काढलीत ते उत्तम केलंत. डीएमझेडने आवाज सुरू झाला, म्हणजे तुमच्या राउटरला बहुधा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा पत्ता) आहे. सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक पत्ता दिला असता, तर त्या टिकेने फरक पडला नसता. म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

आधी लॅपटॉप. विंडोजची फायरवॉल चालू होती का? रिमोट डेस्कटॉप (दुरून लॅपटॉप चालवायची सोय) किंवा फोल्डर शेअरिंग चालू होतं का? फायरवॉल चालू आणि ही दोन्ही बंद असतील तर धोका बराच कमी. तरी पूर्ण स्कॅन करा, अनोळखी यूजर खातं दिसतंय का बघा आणि बँकेचे, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

कन्सोलला राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) कायमचा आयपी बांधून द्या, म्हणजे आकडा दुसऱ्याकडे जाणार नाही. मग गेमला लागतात तेवढेच पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दरवाजे) फॉरवर्ड करा, म्हणजे तेवढेच कन्सोलकडे उघडा. राउटरमधल्या यूपीएनपी या सोयीने हे आपोआप होतं, पण तिथे घरातलं कुठलंही उपकरण न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकतं. तुमच्या कामात ते मी टाळेन. जमलं तर लॅपटॉप वेगळ्या गेस्ट वायफायवर ठेवा.

मुलाच्या गेमिंग खात्याचा पासवर्ड ईमेलचाच आहे का, तेही विचारा. २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कच्या सर्व्हरवरूनच सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली होती, तिथे घरचा राउटर काय करणार? टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लावा.

धागाकर्ती :

खूप आभार! फायरवॉल चालू होती, रिमोट डेस्कटॉप बंद. पण 'बिलं' नावाचं फोल्डर शेअर केलेलं निघालं, प्रिंटरवाल्या दुकानासाठी मीच केलं होतं. ते बंद केलं, स्कॅन चालू आहे. पासवर्ड दोन्हीकडे एकच होता. राउटरमध्ये मॅक पत्ता नेमका कुठे टाकायचा, ते कुणी सांगेल का?