घरी फोटो छापायचा खरा खर्च किती येतो? शाई, कागद, हेड क्लीनिंग (शाई सोडणाऱ्या भागाची सफाई) सगळं धरून सांगा

मोगरा_चिंचवड

नमस्कार मंडळी. डिसेंबरात बाबांची पंचाहत्तरी आहे. त्यांचे जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करायचं काम सहा महिने पुरलं, आता कुठे संपलं. त्यातले साधारण ६०० निवडलेत, ४ बाय ६ मध्ये काढून अल्बम करायचाय. शिवाय लेक पाचवीत आहे, म्हणजे दर आठवड्याला प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला काही ना काही चित्रं लागतातच. वर्षातून तीन-चारदा पासपोर्ट फोटो.

घरी छोटा प्रिंटर आहे, एक काळं आणि एक तीन रंगांचं कार्ट्रिजवाला. नवं रंगीत कार्ट्रिज ११०० रुपयांना आणलं आणि नमुन्याला म्हणून फोटो काढायला बसले. ३८ फोटो नीट आले. पुढचा भावाच्या मुंजीतला होता, त्यात आईची पैठणी हिरवट आली. बाबा शेजारीच बसून एकेक फोटो हातात घेत होते, लगेच म्हणाले, "ही डाळिंबी होती गं." मॅजेंटा संपला होता. निळा आणि पिवळा शिल्लक असावा, पण तीनही रंग एकाच डबीत, त्यामुळे सगळंच टाकून द्यावं लागलं.

हिशोब केला तर फोटोमागे २९ रुपये नुसती शाई, कागदाचे ४ वेगळे. कोपऱ्यावरचा लॅबवाला १५ घेतो. सगळे म्हणतात बाटलीतून शाई भरायचा टाकीवाला प्रिंटर घे, त्यात फोटो दोन-तीन रुपयांत पडतो. खरंच पडतो का? ज्यांनी वर्षभर वापरलाय त्यांनी सांगा, प्लीज.

स्टुडिओकाका_मिरज

ताई, माझा छोटा स्टुडिओ आहे. सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर रोज चालतो आणि मी त्याची वही ठेवतो, तीच उघडून लिहितोय.

गेल्या वर्षी ४ बाय ६ च्या हिशोबात १६०० प्रिंट निघाले. ७० मिलीच्या ८ बाटल्या लागल्या. सहा रंगांच्या सहा, आणि फिकट निळी नि फिकट गुलाबी एकेक जास्तीची. चेहरे आणि आकाश यांत फिकट शायाच जास्त जातात, त्या कायम आधी संपतात. बाटली मला ७५० ला पडली, म्हणजे ६००० रुपये. फोटोला पावणेचार रुपये शाई, यात सफाईची शाई आली. कागद मी २७० जीएसएमचा (चौरस मीटरला २७० ग्रॅम) रेझिन कोटेड, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, वापरतो, तो ६ रुपयांना पडतो. झाले पावणेदहा. यंत्र २४,००० चं, माझ्याकडे ते ८००० फोटो काढेल असं धरलंय, म्हणून आणखी ३ रुपये. पावणेतेरा.

आता बघा, रोज चालवूनही लॅबच्या पंधरापेक्षा सव्वादोन रुपयेच वाचतात. मला परवडतं कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला दहा मिनिटांत फोटो हवा असतो. ४ बाय ६ च्या एका कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे ८ पासपोर्ट फोटो बसतात, त्यात खरी कमाई. तुम्ही महिन्याला दहा फोटो काढणार असाल तर हा हिशोब तुमच्या घरी लागू होणार नाही, कारण यंत्र बसून राहिलं तरी शाई पितं. ६०० चा गठ्ठा सरळ लॅबला द्या, एवढ्या संख्येला भाव कमी करून मागा.

अजून एक. खोक्यावर "इतकी पानं" लिहिलेलं असतं ते आयएसओ २४७११ या मानकाप्रमाणे मोजलेलं असतं. ठरलेली नमुना पानं सलग छापून मोजतात, आणि त्या पानांवर मोकळी जागा भरपूर असते. फोटोत कागदाचा कोपरा न् कोपरा शाईने भरतो. फोटोंसाठी २९१०२ हे वेगळं मानक आहे, पण मोजणी तिथेही सलगच. चार-चार आठवडे बंद पडून राहणारा प्रिंटर यातल्या कुठल्याच आकड्यात येत नाही. नव्या टाकी प्रिंटरमध्ये पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, तेव्हा पहिल्या सेटवरूनही हिशोब करू नका.

नागपुरी_संत्रं

काकांचं "बसून राहिलं तरी पितं" हे मी मोजून पाहिलंय.

माझ्याकडे चार रंगांचा टाकीवाला आहे. मागच्या उन्हाळ्यात पाच आठवडे सासरी होतो. इकडे पारा ४५ ला, घर बंद. निघताना टाकीच्या खिडकीवर कागदी टेप लावून पेन्सिलीने रेघ मारून गेलो होतो. आल्यावर नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते बघायला प्रत्येक रंगाची जाळी छापणारं चाचणीचं पान) काढला तर पिवळ्याच्या जाळीत अर्ध्या रेघा गायब. तीनदा साधी सफाई केली, फरक नाही. मग ती जोरदार सफाई केली, जी नळ्यांतली सगळी शाई ओढून फेकते. पिवळा आला, पण चारही रंग रेघेच्या बोटभर खाली उतरले होते. अडलेला रंग एक आणि शाई गेली चौघांची. एकही फोटो न छापता!

तेव्हापासून दर रविवारी चहा ठेवला की नोझल चेकचं एक पान काढतो. पाठकोऱ्या कागदावर चार बारक्या जाळ्या, शाई नावालाच जाते. वर्ष झालं, सफाईची गरज पडलेली नाही.

आणि भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्या घरांतली सवय मोडा. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा. मग हेड कडेला जाऊन रबरी टोपीखाली बसतं आणि सुकत नाही. मध्येच वीज काढली तर ते उघडंच राहू शकतं. शिवाय भिंतीवरून बंद करून पुन्हा चालू केला की बरेच प्रिंटर आधी स्वतःची सफाई करून घेतात. आमच्या आई रोज रात्री सगळी बटणं बंद करायच्या. आता त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

मोगरा_चिंचवड

बापरे, आमच्याकडे रोज रात्री हेच होतं! पण चोवीस तास चालू ठेवला तर विजेचं काय?

नागपुरी_संत्रं

नुसता बसलेला प्रिंटर एक वॅट घेतो असं धरा. वर्षाचे पावणेनऊ युनिट होतात. एका जोरदार सफाईत त्याहून जास्त पैसे जातात.

देवगडचा_वारा

कागदाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे शाईपेक्षा कागद जास्त वाया जातो.

जून ते सप्टेंबर उघडं पाकीट ठेवलं की फोटो पेपर ओल धरतो. कडा वळतात, रोलर दोन कागद एकदम ओढतो, आणि छापलेला फोटो दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकट लागतो. एका पावसाळ्यात १०० चं अख्खं पाकीट असंच गेलं. तेव्हापासून कागद झिपच्या पिशवीत, सोबत औषधांच्या डब्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी डाळीच्या हवाबंद डब्यात. हवे तेवढेच बाहेर काढायचे. छापलेला फोटो निदान रात्रभर तरी मोकळा सुकू द्या, लगेच प्लास्टिकच्या अल्बमात सारू नका.

कोणती बाजू छापायची ते कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावून बघा. चिकटतं ती लेपाची बाजू. उलट बाजूवर छापलं की शाई वर तरंगते आणि आतल्या रोलरांना लागते, मग पुढचे चार कागदही खराब होतात.

मुलीच्या प्रकल्पाला ग्लॉसी कागद मुळीच लागत नाही. इंकजेटचा मॅट लेपाचा पातळ कागद घ्या, १२० जीएसएमच्या आसपासचा. गोंदाने छान चिकटतो, वही फुगत नाही. फक्त प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. शाई किती सोडायची हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो. साध्या कागदावर फोटो पेपरचं सेटिंग ठेवलं तर कागद भिजून लाटांसारखा होतो आणि शाई फुकट जाते.

परळचा_पाऊस

स्वस्त शाईचा मोह होईल म्हणून आधीच सांगते. दुकानदार म्हणाला "ओरिजिनलसारखीच आहे, बिनधास्त घ्या", मी चार बाटल्या चौथाई किमतीत आणल्या. मजकुराला काही अडचण आली नाही. फोटोंत मात्र सगळ्यांना कावीळ झाल्यासारखे चेहरे. रंग जुळवायला आठ-दहा कागद घालवले, तिथेच बचत संपली.

त्याच शाईने काढलेला भाचीच्या बारशाचा फोटो पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला होता. वर्षाने फ्रेम उघडली तर माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली बोटभर पट्टी आहे तशी होती आणि बाकी फोटो फिका पडून निळसर झालेला. उन्हात कुठलीही डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) उडतेच, पण इतक्या लवकर उडेल असं वाटलं नव्हतं. बाबांच्या अल्बमसाठी तरी हा प्रयोग नको.

स्टुडिओकाका_मिरज

परळच्या ताईंना पूर्ण अनुमोदन.

आणखी एक खर्च राहिला. सफाईची शाई यंत्राच्या पोटात एका स्पंजात जाऊन मुरते. तो भरला की प्रिंटर निरोप देऊन थांबतो. काही नव्या मॉडेलांत ही पेटी आपणच बदलू शकतो, घ्यायच्या आधी एवढं नक्की विचारा. बाकीच्यांना सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. नुसता काउंटर शून्यावर आणून देणारे लोक भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. स्पंज तसाच भरलेला राहतो आणि एक दिवस टेबलावर काळं-जांभळं ओघळ येतं. माझ्या लाकडी काउंटरवर तो डाग अजून आहे.

बिनकडेचे फोटो काढताना शाई कागदाच्या थोडी बाहेरपर्यंत मारली जाते, तीही यंत्राच्या आतच साठते. तीन मिलिमीटरची पांढरी कड ठेवलीत तर तेवढी वाचते, आणि अल्बमात कड सुंदर दिसते.

ठाणे_लोकल

वर्षाला शंभर-दीडशेच फोटो असतील तर इंकजेट सोडून दुसरा मार्ग आहे, डाय सब्लिमेशन, म्हणजे फितीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणं. मी कॅननचा सेल्फी नावाचा छोटा फोटो प्रिंटर वापरतो. त्याच्या आरपी-१०८ पाकिटात १०८ कागद आणि तेवढ्यालाच पुरेल अशी रंगाची फीत येते. पाकिटाची किंमत भागिले १०८, हाच फोटोचा खर्च, त्यात वर-खाली काही नाही. हेड तुंबणं नाही, सफाई नाही. सहा महिन्यांनी कपाटातून काढला तरी पहिला फोटो नीट येतो. फोटो लॅबपेक्षा महाग पडतो हे खरं. आणि मोठं पान छापता येत नाही, त्यामुळे ताईंच्या प्रकल्पाच्या वहीला उपयोग नाही.

नागपुरी_संत्रं

यावरून आठवलं. ताईंच्या जुन्या प्रिंटरचा एक गुण सांगायला हवा. त्या प्रकारात नोझल कार्ट्रिजवरच असतं, ते सुकलं तर नवं कार्ट्रिज म्हणजे नवं हेड. टाकीवाल्यात तसं नाही. एप्सनमध्ये हेड यंत्रातच बसवलेलं असतं, बिघडलं तर मोठा खर्च. कॅननच्या जी मालिकेत बऱ्याच मॉडेलांचं हेड काढून नवं बसवता येतं. जो प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहणार, त्यासाठी हे विचारात घ्या.

मोगरा_चिंचवड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांनाही वाचून दाखवलं.

असं ठरवतेय: ६०० फोटो लॅबकडे. आज विचारून आले, एवढे असतील तर ११ रुपयांनी देतो म्हणाला. जुनं यंत्र शाळेच्या कामापुरतं चाललं तर चालवायचं, आणि हे वर्ष सरल्यावर खरंच किती पानं लागली ते मोजून चार रंगांच्या टाकीवाल्याचा विचार. भिंतीवरच्या बटणाला आजच पट्टी लावली. रविवारच्या नोझल चेकचं काम लेकीने मागून घेतलंय.

एकच शंका. जवळपास दीडशे फोटो कृष्णधवल आहेत, बाबांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले, चौकोनी. ते लॅबला द्यावेत का? मी घरी दोन काढून पाहिले तर एक हिरवट आणि एक जांभळट आला.

स्टुडिओकाका_मिरज

क्लिक थ्री! माझ्या वडिलांकडे तोच होता.

तुमच्या प्रिंटरने करडा रंग तीन रंग मिसळून केला, त्यात एखादा जरा कमी-जास्त झाला की छटा येते. घरीच काढायचे तर करडी शाई वेगळी असलेलं यंत्र लागतं, कॅननच्या जी-५७० मध्ये ती आहे. दीडशे फोटोंसाठी एवढा खर्च करू नका. लॅबला द्या, पण आधी पाचच काढून घ्या आणि दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघा. छटा दिसली तर तिथेच सांगा, ते सुधारून देतात.

चौकोनी फोटो ४ बाय ६ वर एकेकटे छापू नका. ३ बाय ३ चे दोन शेजारी शेजारी ठेवून एक फाइल करा, एका कागदात दोन निघतात. दीडशेचे पंच्याहत्तर कागद होतील. मध्ये कापायला बारीक रेघ ठेवा.

बाकीच्यांत ३५ मिमी निगेटिव्हवरून स्कॅन केलेले ४ बाय ६ मध्ये बरोबर बसतील. मोबाइलवर काढलेले असतील तर ते बहुतेक ४:३ चे असतात, लॅबच्या यंत्रात वर-खाली मिळून अर्धा इंच कापले जातात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. ते वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि लॅबवाल्याला "क्रॉप नको, पांढरी कड चालेल" असं लिहून द्या. तोंडी सांगू नका, रात्री मशीनवर दुसराच मुलगा असतो.