केक सजावटीचं सामान: काय हाताशी राहिलं, काय खणात गेलं?

काल ओट्याखालचा खण आवरायला घेतला. त्यातून निघालं ते असं: बावन्न नोझल्सचा (क्रीम पिळायच्या धातूच्या टोकांचा) डबा (त्यातली सत्तेचाळीस कोरी), फुलपाखरांचे तीन साचे, आयसिंग भरायची एक धातूची पिचकारी जिचा दट्ट्या एकदा अडकला तो अडकलाच, आणि वाळून दगड झालेला फॉन्डंट (केकवर लाटून चढवायचा साखरेचा गोळा). सात वर्षं घरच्यांसाठी केक सजवतेय. दर वेळी खरोखर हातात येणाऱ्या वस्तू मोजल्या तर भरतात सहा. फिरता स्टँड, वाकड्या मानेचा पॅलेट नाइफ, स्क्रेपर (कडेचं क्रीम सरळ करायची पट्टी), क्रीम भरून पिळायची पायपिंग बॅग, पाच नोझल्स, वजनकाटा. बाकी सगळी हौस.

पाचांतलं सगळ्यात जास्त वापरलेलं म्हणजे १एम, उघड्या चांदणीचं मोठं नोझल. मध्यापासून सुरू करून बाहेर फिरवत नेलं की गुलाब होतो. बाहेरून सुरू करून आत वर चढवत नेलं की कपकेकवरचा शंकू. हे एवढं कळायला मला दोन वर्षं लागली, तोवर मी गुलाबासाठी वेगळं नोझल शोधत होते!

तर तुम्ही काय घेतलंत, काय फळलं, काय फसलं ते लिहा. दुकानांची नावं आणि किमती नकोत, वापरून काय कळलं ते हवं.

*

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरंच वाकडं होतं.

पहिला फिरता स्टँड हलक्या प्लास्टिकचा घेतला. क्रीम लावताना एका बाजूला थर जाड, दुसऱ्या बाजूला आतला केक दिसतोय. वर्षभर वाटलं, आपल्या हातातच कला नाही. मग एका मैत्रिणीचा जड बुडाचा, बेअरिंगवाला स्टँड वापरला आणि पहिल्याच फेरीत कड सरळ आली. घरी येऊन माझा तपासला. स्क्रेपर ताटलीच्या कडेजवळ उभा धरायचा, टेकवायचा नाही, आणि ताटली सावकाश फिरवायची. मधली फट शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे. माझी फट एकीकडे बोट जाईल एवढी, दुसरीकडे ताटली स्क्रेपरला घासतेय.

घ्यायच्या आधी एवढी एक फेरी मारून बघा. आणि स्टँड कितीही चांगला असला तरी केकचा बोर्ड त्यावर सरकतो, म्हणून मधे ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं ठेवायचं.

*

स्टँडबद्दल +१. माझी कहाणी बॅगची.

कपलर (नोझल बॅगेला जोडणारा आट्यांचा तुकडा) ही काय भानगड आहे हे न वाचता बॅग कापली. जरा सढळ हातानं कापली. बॅग दाबल्यावर कपलर, नोझल आणि मूठभर बटरक्रीम असा सगळा ऐवज केकच्या बरोब्बर मधे जाऊन बसला. कपलरचा मोठा भाग बॅगेच्या आत, नोझल बाहेरून, त्यावर रिंग. बॅग इतकीच कापायची की कपलरचे एक-दोन आटे बाहेर दिसतील. आधी थोडी कमीच कापावी, नंतर वाढवता येते. शिवाय १एमसारखी मोठी नोझल्स छोट्या कपलरवर बसतच नाहीत, ती सरळ बॅगेत टाकायची.

माझे हात गरम. बॅग काठोकाठ भरली तर अर्धी संपेपर्यंत उरलेलं क्रीम पाघळतं, पाकळ्या लोळायला लागतात. म्हणून बॅग अर्धीच भरते आणि दुसरी फ्रिजमध्ये तयार ठेवते. भरताना बॅग उंच ग्लासात उभी करून कड बाहेर दुमडली की तिसरा हात लागत नाही. कापडी बॅग दोनदा वापरून सोडली, तिचा लोण्याचा वास जाईना.

*

साच्यांचं गणित कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. (सवय आहे, माफ करा.)

८ इंची गोल साच्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. ६ इंचीचं २८. म्हणजे दोनच इंच कमी झाले, पण मिश्रण जवळजवळ निम्मं लागतं. हे माहीत नसताना मी ८ इंचीचं मिश्रण ६ इंचीत ओतलं होतं आणि ओव्हनचा तळ दोन दिवस खरवडत होतो. चौकोनी साचा हवा असेल तर गोलापेक्षा एक इंच लहान घ्या: ७ इंची चौकोन ४९, ८ इंची गोल ५०. ८ इंची चौकोन ६४, ९ इंची गोल साधारण तेवढाच. उंची सारखी असली म्हणजे झालं.

साचा सरळ भिंतींचा घ्या. वर पसरट होत जाणाऱ्या साच्यात केलेले दोन केक एकावर एक ठेवले की मधे खाच पडते आणि ती बुजवण्यात क्रीम संपतं.

*

रंग. इथे मी सगळ्या चुका केल्या आहेत, तेव्हा सविस्तर.

आधी पाण्यासारखे पातळ रंग घेतले. फिकट गुलाबी, फिकट पिवळा ठीक. लाल करायला गेले तर बाटली रिकामी झाली, क्रीम सैल झालं आणि रंग तरी गुलाबीच. मग जेल रंग आणले, टूथपिकच्या टोकाएवढे लागतात. पण तिथेही घाई नडते. बटरक्रीममधला रंग काही तासांनी गडद होतो. रात्री ‘अजून थोडा’ करत गेले आणि सकाळी डबा उघडला तर विटकरी. आता गडद रंग आदल्या दिवशी, हवाय त्याहून एक पायरी फिका करून ठेवते. काळा हवा असेल तर पांढऱ्या क्रीमपासून निघूच नका. कोको घालून गडद चॉकलेटी करून घ्यायचं, मग काळा जेल थोडासाच पुरतो. नाहीतर चव कडू आणि सगळ्यांचे दात काळे.

जांभळा केक एकदा खिडकीशी ठेवला होता. संध्याकाळपर्यंत उजेडाकडची बाजू निळसर राखाडी, मागची जांभळी. जांभळ्यातला गुलाबी भाग उजेडात उडतो. तेव्हापासून असा केक बंद खोक्यात.

आणि वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये साधा जेल रंग घालू नका. त्यात पाणी असतं. माझ्या डोळ्यांदेखत गुळगुळीत चॉकलेटचा वाळूसारखा गोळा झाला. चॉकलेटला तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात, तेच लागतात. तो गोळा फेकला नाही, गरम क्रीम घालून घोटला आणि गनाश म्हणून मधल्या थरात लपवला. कुणाला कळलं नाही.

*

रंगांचा विषय निघालाच आहे तर चमकीबद्दल लिहिते. इथे चूक म्हणजे नुसता केक बिघडणं नव्हे.

माझ्याकडे सोनेरी पावडरची डबी होती. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’. मी दोन केकांवर फासली. नंतर वाचनात आलं की २०१८ मध्ये अमेरिकेत रोड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले होते. केकवर गुलाबी-सोनेरी चमकीचा जाड थर होता आणि त्या चमकीत तांबं होतं, भरपूर. तिथल्या एफडीएचं म्हणणं स्पष्ट आहे: ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. काही चमक्या फक्त शोभेपुरत्या, खायच्या आधी काढून टाकायच्या फुलांसाठी वगैरे असतात.

डबी उलटी करून बघा. ‘खाद्य’ असा स्वच्छ उल्लेख हवा आणि घटकांची यादी हवी: साखर, गम अरेबिक, माल्टोडेक्स्ट्रिन, मान्यता असलेले रंग असं काही. यादीच नसेल तर ती वस्तू केकवर नको. माझ्या डबीवर यादी नव्हती. ती आता मुलीच्या भेटकार्डांवर संपतेय.

पांढऱ्या रंगाचंही एक. टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ पासून खाद्यपदार्थांत बंद केलं. इतर अनेक देशांत ते चालतं. त्यामुळे एकच कंपनी, एकच नाव, पण दोन ठिकाणच्या बाटल्यांत आत वेगवेगळा माल असू शकतो.

*

बापरे. डबी तपासली. यादी नाही. गेली कचऱ्यात.

*

आमच्या घरी केक मी करतो, बायको खाते आणि चुका दाखवते. दोन मजली केक पहिल्यांदा केला तेव्हा तिनेच विचारलं होतं, ‘वरच्याला आधार काय?’ म्हटलं, खालचा केक आहे की! तीन तासांनी वरचा मजला खालच्यात बुडायला लागला, तोही तिरका.

आधार लागतो तो केकला नाही, वरच्या बोर्डाला. वरच्या केकखाली त्याच्याच मापाचा बोर्ड हवा आणि तो खालच्या केकमध्ये खोचलेल्या कांड्यांवर टेकला पाहिजे. लाकडी कांड्या मिळतात, पण लहान केकला मिल्कशेकचे जाड स्ट्रॉ पुरतात आणि कात्रीने कापता येतात. एक स्ट्रॉ उभा खोचायचा, क्रीमच्या पातळीला खूण, बाहेर काढून कापायचा. बाकीचे त्याच मापाचे. प्रत्येक स्ट्रॉ वेगळा मोजत बसलात की वरचा मजला पुन्हा तिरका. हा अनुभवही माझाच.

*

डावखुऱ्यांसाठी: व्हिडिओत फुलाचा खिळा (ज्याच्या चपट्या डोक्यावर क्रीमचं फूल करतात तो) घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, आपण सुलट फिरवायचा. १०४ नंबरच्या पाकळीच्या नोझलचं जाड टोक खालीच, पण खिळा उजव्या हाताने फिरवायचा. मी तीन महिने उजव्यांसारखं करत होते आणि माझा गुलाब मिटायच्या ऐवजी सुटत होता.

*

फॉन्डंटवाले कोणी नाही का? मग मीच.

सगळ्यात महागडी चूक सामानाची नव्हती, जोडीची होती. व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट चढवला. फॉन्डंट म्हणजे साखर, ती क्रीममधलं पाणी ओढते. तासाभरात केकला घाम फुटला, मग कड घसरली. फॉन्डंटखाली बटरक्रीम किंवा गनाशच हवं, थंड आणि टणक.

क्रीममध्येही दोन घराणी. दुधाचं क्रीम चवीला फार वरचं, पण स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या आसपास हवा, भांडं-पातीसुद्धा थंड हवीत, आणि फेटताना अर्धा मिनिट जास्त झाला की रवाळ होऊन लोण्याकडे निघतं. वनस्पती तेलाचं क्रीम तासन्‌तास उभं राहतं आणि चुका पोटात घालतं, मात्र जिभेवर तेलकट थर ठेवतं. मी शिकताना दुसरं वापरलं, आता घरच्यांसाठी पहिलंच.

साधं लाटणं मधे फुगीर असतं, त्याने फॉन्डंट मधे पातळ नि कडेला जाड होतो. सरळ नळीसारखं लाटणं घ्या. खाली भुरभुरवायला कॉर्नफ्लोअर पातळ कापडात बांधून पुरचुंडी करते, हलकेच आपटली की हवं तेवढंच पडतं. बाहुल्या उभ्या राहत नसतील तर फॉन्डंटमध्ये चिमूट-चिमूट सीएमसी पावडर (फॉन्डंट कडक करणारी) मळा. एकदम ओतलीत तर चिरा पडतात.

*

विकायला केक करणाऱ्यांनी खोक्याची उंची आधी मोजावी. केक साडेपाच इंच, खोकं पाच. गिऱ्हाईक दारात. झाकणाला वरची चार फुलं चिकटून निघाली. आता बोर्ड केकपेक्षा दोन इंच मोठा, खोकं बोर्डच्या मापाचं, आणि केक करायच्या आधी खोकं ओट्यावर.

*

मी वयाने बहुधा तुम्हां सगळ्यांहून मोठी. माझ्याकडे स्टँड नव्हता तेव्हा खोलगट भांडं पालथं घालून त्यावर ताटली फिरवायचे. नोझल म्हणजे बटर पेपरचा त्रिकोण, गुंडाळून सुळका केला, टोक कात्रीने सरळ कापलं की रेघ, इंग्रजी व्ही उलटा धरावा तसं टोकदार कापलं की पान. अजूनही नावं लिहायला कागदी सुळकाच घेते, हाताला त्याची पकड बरी वाटते. रॉयल आयसिंगला (अंड्याचा पांढरा नि पिठीसाखर फेटून करतात ते) मात्र प्लास्टिकचं भांडं वापरू नका मुलींनो, त्यात आधीचा तुपकटपणा राहतो आणि अंड्याचा पांढरा फुगत नाही. काचेचं घ्या.

*

काकू, सुळका आजच करून बघते.

खऱ्या फुलांची हौस असेल तर एवढंच: कण्हेर, लिली ऑफ द व्हॅली असली विषारी फुलं केकजवळही नकोत. खाण्यायोग्य फुलं असली तरी फवारणी केलेली नकोत. देठ किंवा तार थेट केकमध्ये खोचू नका, त्यासाठी छोट्या प्लास्टिकच्या नळ्या येतात. आणि ताई, तुमच्या सत्तेचाळीस कोऱ्यांत २३३ आहे का बघा, बारीक भोकांचं, गवताचं. केकच्या बुडाशी कड वेडीवाकडी झाली की मी सगळीकडे गवत उगवते.

*

धागा काढणारी मीच. २३३ निघालं, डब्याच्या तळाशी. काल गवत उगवलं. खरंच, खालची सगळी गोंधळाची कड झाकली गेली. पहिल्यांदा भोकं बुजली, कारण क्रीममध्ये साखरेच्या गुठळ्या होत्या. पिठीसाखर चाळून घेतल्यावर सुरळीत चाललं.

उरलेला डबा शेजारच्या मुलीला दिला, तिला शिकायचंय. अर्ध्या तासात परत आली. ‘मावशी, यात एक घर रिकामं आहे, हरवलं का?’

म्हटलं, असेल कुठेतरी.