वोल्फगांग पीटरसन: टीव्हीने घडवला की अडवला?

रीळवाला
पाणबुडीवरच्या 'दास बोट' या सिनेमाला (१९८१) ६ ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली दिग्दर्शन आणि पटकथेची जर्मन दिग्दर्शक पीटरसनची. म्हणून बरेच जण त्याची कारकीर्द तिथून मोजतात. मला ते मान्य नाही. बर्लिनच्या फिल्म अकादमीत शिकून तो टीव्हीकडे वळला आणि १९७१ ते १९७७ मध्ये 'टाटओर्ट' या गुन्हेमालिकेचे ६ भाग केले, सगळे कील शहरातल्या कमिसार (पोलीस तपास अधिकारी) फिंकेचे. एकेक भाग साधारण दीड तासाचा, म्हणजे पूर्ण सिनेमाच! मोजक्या पैशात, थोड्या पात्रांवर ताण टिकवायची सवय तिथली. पाणबुडीच्या अरुंद बोळात तीच कामी आली.

कट_टू
असहमत. टाटओर्टमध्ये कमिसार, शहर, लांबी सगळं आधीच ठरलेलं, दिग्दर्शकाच्या हाती उरतं काय? आणि टीव्हीचा धाक विसरू नका. 'डी कोन्सेक्वेन्त्स' (१९७७) ही दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट एआरडी या जर्मन टीव्ही वाहिनीवर लागली, तेव्हा बव्हेरियाच्या केंद्राने आपल्या भागात ती दाखवलीच नाही.

रीळवाला
आणि त्याच सिनेमात कोलोनच्या डब्ल्यूडीआर या टीव्ही केंद्राचा पैसा होता! एआरडी हा प्रादेशिक केंद्रांचा संघ आहे. एकाने दार लावलं तरी दुसरं उघडं राहतं. त्या सिनेमातला नट युर्गन प्रोखनोव पुढे 'दास बोट'चा कॅप्टन झाला, आणि डब्ल्यूडीआर तिथेही होतीच.

संकलनमेज
'दास बोट'मधल्या त्या टीव्हीच्या पैशाची अट बघा. एकाच चित्रीकरणातून थिएटरसाठी सुमारे अडीच तास आणि टीव्हीसाठी जवळपास दुप्पट लांबीची मालिका काढायची होती. छोट्या आवृत्तीत पहिली कात्री लागते ती रिकाम्या, कंटाळवाण्या दिवसांना. मग हल्ल्यामागून हल्ला दिसतो, पण खलाशी आतून कसे खचत गेले ते निसटतं. मालिकेत ते सगळं आहे, म्हणून मी तीच खरी मानतो. १९९७ ची साडेतीन तासांची आवृत्ती मधला मार्ग आहे. छायाचित्रकार योस्ट वाकानोचा जायरोस्कोपने स्थिर केलेला हातातला कॅमेरा मात्र तिन्हींत तितकाच थरारक.

कट_टू
हे मान्य. पण शेवट बघा. हॉलिवूडमध्ये 'इन द लाइन ऑफ फायर', 'एअर फोर्स वन' चालले, 'पोसायडन' (२००६) आपटला, मग १० वर्षं एकही सिनेमा नाही. २०१६ मध्ये जर्मनीत परतून केला तो 'फीअर गेगेन डी बांक', जो त्याने १९७६ मध्ये टीव्हीसाठी केलाच होता. याला वाढ म्हणायची?

संकलनमेज
मग जर्मन दिग्दर्शक डोमिनिक ग्राफचं काय? 'डी झीगर' (१९९४) पडल्यावर तो टीव्हीवर रमला आणि २०१० मध्ये बर्लिनच्या गुन्हेगारी जगावर १० भागांची मालिका केली, कुठल्याही सिनेमाच्या तोडीची.

कट_टू
तिची निर्मिती कंपनी दिवाळखोरीत गेली, तेही सांगा. ठरलेल्या रकमेत एवढी पात्रं आणि एवढी ठिकाणं बसत नाहीत, आणि वरचा खर्च केंद्र उचलत नाही.