मदत हवी: 'नीड'ला एस लागतो की नाही? (तातडीचे)

घाईतला_गणू: स्पर्धा परीक्षेचा सराव करतोय. 'नीड'ला एस लावायचा की नाही, एकदाचं सांगा. मी लावला, उत्तरसूचीत चूक दाखवलंय. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

सातारी_तडका: कुठलं वाक्य? नाम की क्रियापद? कर्ता कोण? ज्योतिषाचा धागा शेजारी आहे.

घाईतला_गणू: कर्ता 'शी'. मग लागणारच ना?

निवृत्त_मास्तर: लागणारच. शी नीड्स अ पेन. एवढंही शिकवत नाहीत हल्ली.

कोकणी_मेवा: मास्तर, जरा दमानं. गणू, अख्खं वाक्य टाक बाबा.

घाईतला_गणू: "शी नीड्स नॉट कम टुमारो." काय चुकलं यात?

कोकणी_मेवा: हे आधी सांगायचंस की! 'नीड' दोन तऱ्हेनं चालतं. साधं क्रियापद असेल तर एस, टू, डज सगळं लागतं: शी नीड्स टू कम, शी डझन्ट नीड टू कम. दुसरं 'कॅन', 'मस्ट'च्या पंगतीतलं. त्याला एस नाही, टू नाही, डज नाही: शी नीड नॉट कम. हे बहुतेक नकारात नाहीतर प्रश्नात येतं. "शी नीड कम" असं सरळ म्हणत नाहीत. तू दोन्हींची खिचडी केलीस.

शिकागोकर: इकडे 'नीडन्ट' फारसं कानावर पडत नाही. 'डझन्ट हॅव टू' म्हण, विषय संपला.

निवृत्त_मास्तर: परीक्षा शिकागोत नाहीये. गणू, हे लिहून घे: 'मस्ट नॉट' म्हणजे येऊ नये, 'नीड नॉट' म्हणजे आलं नाही तरी चालेल. "मस्ट आय गो?" याचं नकारार्थी उत्तर "नो, यू नीडन्ट".

पुणेरी_पाटी: संस्कृतात नीड म्हणजे घरटं. कोणाला माहीत होतं?

सातारी_तडका: कोणी विचारलं होतं? गणू, भूतकाळही बघून ठेव. "यू नीडन्ट हॅव कुक्ड" म्हणजे स्वयंपाक केलास, पण उगाच. "यू डिडन्ट नीड टू कुक" यात गरज नव्हती एवढंच; केला की नाही ते त्यावरून ठरत नाही.

मानसी_म्हणे: गरजांवरून आठवलं, मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा 1943चा पिरॅमिड वाचा सगळ्यांनी.

शिकागोकर: 1943च्या लेखात पायऱ्या आहेत, पिरॅमिड नाही. तो नंतर इतरांनी काढला.

पुणेरी_पाटी: आमचे साहेब "आय अ‍ॅम नीडिंग युअर रिपोर्ट, डू द नीडफुल" लिहितात. त्यांना कोण सांगणार?

कोकणी_मेवा: 'नीडिंग' खटकतं खरं. 'नीडफुल'ला मात्र हसू नका, ते जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातलंच आहे.

घाईतला_गणू: अहो, माझं राहिलं! पर्यायात "शी नीड नॉट टू कम" पण होतं. ते का चूक?

कोकणी_मेवा: टू नाही म्हणून वर लिहिलंय. वाचतोस का रे?

घाईतला_गणू: बरं. आता 'डेअर'चं सांगा, तेही असंच चालतं म्हणे. जरा लवकर.