मदत हवी आहे: डस्की ट्रॅकसाठी पीएलबी की इनरीच?

नमस्कार मंडळी,

जानेवारीअखेर वेलिंग्टनच्या मावसभावाबरोबर न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमधला डस्की ट्रॅक करायचा बेत आहे. ८४ किमी, ८ ते १० दिवस, गुडघाभर चिखल, तीन तारांचे पूल आणि मोबाईलला रेंज शून्य. पाऊस लागला की नद्या फुगतात आणि हटमध्येच (वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत) बसून राहावं लागतं. सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकतोय, पण इथे वाट चुकली तरी कुत्र्याच्या भुंकण्याच्या दिशेने गेलं की वाडी सापडते. तिथे कुत्रंही नाही!

भाऊ म्हणतो, पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, संकटाची खबर देणारं छोटं यंत्र) घेऊ. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवरून उपग्रहाला आणि तिथून बचाव समन्वय केंद्राला खबर जाते. वर्गणीही नाही. पण मातोश्रींना रोज रात्री "पोचलो" असा मेसेज हवाय, आणि पीएलबीला "वाचवा" सोडून काही बोलता येत नाही. म्हणून बायको म्हणते, इनरीच (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) विकत घे, पुढे हिमालयातही कामाला येईल. येईल का?

आणि समजा नदीमुळे अडकलो, दोघंही धडधाकट, फक्त उशीर होतोय, तर बटण दाबायचं का?

प्रतिसाद:
इनरीच भारतात अजिबात आणू नका. तो इरिडियम कंपनीच्या उपग्रहांवर चालतो आणि परवान्याशिवाय बाळगणं इथे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटू बाईंना याच यंत्रापायी पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. न्यूझीलंडमध्येच भाड्याने घ्या, तिथेच परत करा.

उशीर झाला म्हणून बटण दाबायचं नसतं. दोन-तीन दिवसांचा जादा शिधा घ्या आणि किती तारखेपर्यंत वाट बघून खबर द्यायची ते घरी सांगून ठेवा. प्रत्येक हटमधल्या वहीत पुढचा बेत लिहा. पीएलबी मात्र सॅकमध्ये नको, अंगावर हवा. नदीत सॅक वाहून गेली तर तो तिच्याबरोबर जायचा. वापरायची वेळ आलीच तर अँटेना पूर्ण उघडून, मोकळं आकाश दिसेल तिथे ठेवा आणि सुटका होईपर्यंत चालूच ठेवा. जवळ आलेलं हेलिकॉप्टर पीएलबीच्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर तुम्हाला हुडकतं.

दाट झाडीत इनरीचचा मेसेज रखडतो, हेही मातोश्रींच्या कानावर घाला.

धागाकर्ता:
खूप आभार! दोन्ही भाड्यानेच घेतो. आईला रखडण्याचं सांगितलं. ती म्हणते, "मग मेसेज नाही आला तर मी रखडला समजू की तू?" याला काय उत्तर देऊ?