मदत हवी आहे: बारावीच्या निरोप पुस्तिकेत पथकाचं बक्षीस कुठे छापावं?
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या हायर सेकंडरीत बारावीची ४२ मुलं आहेत. पुस्तिका ए-५ आकाराची, मधे पिन. म्हणून पानं ४ च्या पटीत, एकूण २४. पानावर दोघं.

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) सोपं आहे: दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं शिबिर झालं असेल तरच नोंद. अडतंय ते घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर गायची आरती) आणि फुगडीच्या स्पर्धांपाशी. प्रमाणपत्र पथकाच्या नावाचं, पुस्तिकेसाठी भरलेल्या फॉर्मात मात्र प्रत्येकानं 'प्रथम क्रमांक' लिहिलंय, राखीव बसलेल्यानंसुद्धा! तालुका की राज्य, तेही गाळलंय. हे बक्षीस प्रत्येकाच्या नावाखाली द्यावं की शेवटी एकत्र, पथकाच्या यादीसह?

शिवाय छापखान्याला मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) हवा. युनिकोडमधून बदलताना रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात. खात्रीचा कन्व्हर्टर कुणी वापरलाय?